अनुभवी टेक्निशियनला टीम लीडर घडवण्याची सोळा आठवड्यांची पद्धत

सुपरवायझरची जागा रिकामी होते, वरिष्ठांची नजर सगळ्यात हुशार टेक्निशियनवर जाते, आठवडाअखेर पत्र हातात पडतं आणि सोमवारी तो माणूस टीम लीडर झालेला असतो. मशीनला हात लावू देण्याआधी त्याला कित्येक महिने शिकवलं होतं. माणसं हाताखाली देण्याआधी मात्र एक दिवसही शिकवलेलं नसतं. मग काही महिन्यांत त्याच त्या तक्रारी कानावर येतात: तो सगळं स्वतःच करत बसतो, टीम रिकामी उभी असते, आणि तो एक दिवस सुट्टीवर गेला की काम ठप्प. एक उत्तम टेक्निशियन हातचा गेला आणि लीडर काही मिळाला नाही.

माणसांकडून काम करून घेणं हे एक वेगळं कसब आहे. बाकीची कसबं जशी शिकवतात तसंच तेही शिकवावं लागतं: तुकडे पाडून, दाखवून, करवून घेऊन आणि चूक तिथल्या तिथे सुधारून. पुढची पद्धत पाच ते दहा टेक्निशियनच्या टीमसाठी आहे. टीम मेंटेनन्सची असो, फील्ड सर्व्हिसची असो किंवा प्रयोगशाळेची, फारसा फरक पडत नाही. कालावधी सोळा आठवड्यांचा धरला आहे. घाई असेल तर बारा आठवड्यांतही जमेल. त्याहून कमी वेळात पत्र देता येतं, माणूस तयार करता येत नाही.

निवड करताना

हात चांगला हवाच. ज्याच्या कामावर टीमचा भरवसा नाही, त्याचं कुणी ऐकत नाही. पण बाकीच्या ज्या गोष्टी बघायच्या त्या मुलाखतीत कळत नाहीत, रोजच्या कामात दिसतात. नवीन मुलगा अडला की कुणाकडे जातो ते बघा. ज्याच्याकडे जातो, तो माणूस उत्तर देतो की त्याच्या हातातलं काम काढून घेतो, हेही बघा. मग जॉब कार्डं काढून वाचा. "बेअरिंग बदललं" एवढ्यावर थांबणारे पुष्कळ असतात. "ड्राइव्हकडचं बेअरिंग बदललं, बाहेरच्या रिंगवर एकाच बाजूला खड्डे, अलाइनमेंट तपासणं बाकी" असं लिहिणारा माणूस पुढच्या शिफ्टचा विचार करत असतो. तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःची चूक तो किती लवकर सांगतो. बोल्ट तुटल्यावर पाच मिनिटांत सांगणारा आणि कुणीतरी शोधून काढेपर्यंत गप्प राहणारा, दोघांच्याही हाताला सारखंच कसब असू शकतं. लीडर म्हणून दुसरा धोकादायक आहे.

एखादं मशीन ज्याच्याशिवाय चालूच होत नाही आणि ज्याला तसंच हवं असतं, अशा माणसाबद्दल सावध राहा. तो वाईट नसतो. त्याची किंमत त्या गुपितावर टिकून आहे असं त्याला वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. त्याला लीडर करायचंच असेल, तर आधी त्याच्याकडून ते काम दोघांना शिकवून घ्या. शिकवताना तो कसा वागतो यावर पुढचं ठरवा.

मग उमेदवाराला एकट्याला गाठून विचारा, आणि पैशांचं गणित त्याच बैठकीत कागदावर मांडा. बऱ्याच ठिकाणी लीडर झाल्यावर ओव्हरटाइम बंद होतो. मूळ पगार वाढतो, पण महिनाअखेर हातात येणारी रक्कम कमी होते. ही गोष्ट त्याला पगाराच्या चिठ्ठीवरून कळली, तर त्यानंतर तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास बसणार नाही. नकार द्यायची मोकळीकही खरी हवी. त्यासाठी तांत्रिक बढतीचा वेगळा रस्ता लागतो, जिथे वरिष्ठ तज्ज्ञ टेक्निशियनला माणसं न सांभाळता लीडरच्या बरोबरीने मान आणि पगार मिळेल. तो रस्ता नसेल, तर फक्त पैशांसाठी लीडर झालेली माणसं तुमच्या वाट्याला येतील.

पहिले चार आठवडे: पद नंतर, काम आधी

या काळात पदाची घोषणा करू नका. सध्याच्या लीडरच्या कामाचा एकेक तुकडा उमेदवाराकडे द्या. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त शिफ्टच्या हँडओव्हरला (जाणारी पाळी येणाऱ्या पाळीला काम सोपवते तेव्हा) बसायचं, ऐकायचं आणि स्वतःची नोंद लिहायची. शेवटी ती लीडरच्या नोंदीशी ताडून बघायची. दुसऱ्या आठवड्यात सकाळची दहा मिनिटांची टूलबॉक्स बैठक, म्हणजे काम सुरू करण्याआधीचं सुरक्षेचं बोलणं, त्याने घ्यायची. विषय त्या दिवशीचं सगळ्यात जोखमीचं काम, बाकी काही नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन माणसांचं दिवसभराचं काम त्याने वाटायचं. चौथ्यात एक पूर्ण शिफ्ट त्याने चालवायची आणि जुन्या लीडरने मागे राहायचं. जीव किंवा मशीन धोक्यात असल्याशिवाय जुन्या लीडरने मध्ये बोलायचं नाही. हे जुन्या लीडरला जड जातं, म्हणून त्यालाही आधी नीट समजावून सांगा.

प्रत्येक तुकड्यानंतर त्याच दिवशी पंधरा मिनिटं बसा. काय ठरवलंस, का ठरवलंस, दुसरं काय करता आलं असतं, एवढेच प्रश्न. आठवड्यानंतर बसलात तर त्याला निर्णय आठवेल, पण तो घेताना डोक्यात काय चाललं होतं ते आठवणार नाही. शिकण्यासारखं तर तेच असतं.

पाचव्या आठवड्यापासून पद जाहीर करा आणि त्याच्या हातातलं काम टप्प्याटप्प्याने कमी करा. आठव्या आठवड्यापर्यंत साधारण निम्मा वेळ हातकाम, बाराव्यापर्यंत पाव, त्यानंतर दहावा हिस्सा. शून्यावर आणू नका. हात पूर्ण सुटला की अंदाज चुकायला लागतात, आणि दोन तासांचं काम तो एका तासाचं म्हणून वाटू लागतो.

हा हिशेब प्लॅनिंगच्या तक्त्यातही दिसायला हवा. प्रशिक्षण फसण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच असतं. माणसाला लीडर म्हणतात, पण मनुष्यतासांच्या तक्त्यात तो अजूनही पूर्ण टेक्निशियन म्हणूनच धरलेला असतो. मग वर्क ऑर्डर (नेमून दिलेली लेखी कामं) संपवणं आणि टीम बघणं या ओढाताणीत जे मोजलं जातं तेच होतं, आणि मोजल्या जातात वर्क ऑर्डर. पाचव्या आठवड्याच्या तक्त्यात त्याचे तास निम्मे करा. कमी पडलेले तास कुठून भरायचे ते त्याच दिवशी ठरवा.

शिकवायला शिकवणं

लीडरच्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. अनुभवी माणूस शिकवताना हमखास एका ठिकाणी चुकतो. वर्षानुवर्षं काम करून त्याच्या हाताला जे वळण पडलेलं असतं ते त्याला दिसेनासं होतं. त्यामुळे तो पायऱ्या सांगतो आणि खुबी गाळतो. पाना किती वळवायचा ते सांगतो, पण मधेच हात थांबवून तो काय अजमावतो ते सांगत नाही.

यावरचा उपाय जुना आणि पारखलेला आहे. १९४० ते १९४५ या काळात, युद्धासाठी कारखान्यांत लाखो नवखे कामगार येत होते, तेव्हा अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालवला गेला. त्यात सुपरवायझरला तीन गोष्टी स्वतंत्रपणे शिकवत: काम शिकवणं, कामाची पद्धत सुधारणं आणि माणसांशी वागणं. प्रत्येकी दहा तास, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. युद्धानंतर हा कार्यक्रम जपानला गेला आणि तिथल्या उद्योगांत मुरला. त्यातली काम शिकवायची पद्धत आजही जशीच्या तशी वापरता येते.

आधी कामाची फोड कागदावर करायची. तीन रकाने: पायरी, त्या पायरीतली खुबी, आणि खुबीमागचं कारण. शाफ्टवर गरम करून बेअरिंग बसवण्याचं उदाहरण घेऊ.

पायरी १: शाफ्ट मोजणं. खुबी: मायक्रोमीटरने दोन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. कारण: शाफ्ट अंडाकृती किंवा निमुळता झाला असेल तर एका मापात कळत नाही. बेअरिंगचं वेष्टन तोवर उघडायचं नाही, नाहीतर धूळ आत जाते.

पायरी २: इंडक्शन हीटरवर गरम करणं. खुबी: तापमान साधारण ११० अंश सेल्सिअस, १२०च्या वर नाही. सीलबंद बेअरिंग असेल तर ८०च्या वर नाही. कारण: जास्त तापलं तर पोलादाची मापं आणि कठीणपणा बिघडतो. सीलबंद बेअरिंगमध्ये त्याआधीच आतलं ग्रीस आणि सील खराब होतात. ज्योतीवर कधीच नाही, कारण उष्णता एकसारखी लागत नाही. हीटरवरून काढण्याआधी चुंबकत्व घालवायचं, नाहीतर लोखंडाचा कीस चिकटून आत जातो.

पायरी ३: शाफ्टवर सरकवणं. खुबी: एका दमात शाफ्टच्या खांद्यापर्यंत (शाफ्ट जिथे जाड होतो त्या कडेपर्यंत), आणि थंड होईतो तिथेच दाबून धरायचं. कारण: थंड होताना बेअरिंग रुंदीतही आकसतं आणि खांद्यापाशी फट राहते. ही फट नंतर डोळ्यांना चटकन दिसत नाही.

पायरी ४: तपासणं. खुबी: खांद्यापाशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत जाता कामा नये, हाताने फिरवल्यावर अडखळता कामा नये. कारण: इथे सुटलेली चूक थेट चालू मशीनवर सापडते.

उमेदवाराने अशा किमान पाच फोडी स्वतः लिहायच्या, टीममध्ये वारंवार होणाऱ्या कामांच्या. पहिल्या मसुद्यात वीस-बावीस पायऱ्या असतात आणि कारणाचा रकाना रिकामा असतो. तो परत द्या. पायऱ्या पाच-सातच्या आत आणि प्रत्येक खुबीपुढे कारण, असं होईपर्यंत लिहून घ्या. ज्या खुबीचं कारण त्यालाही सांगता येत नाही, ती एकतर अंधश्रद्धा असते किंवा कुणीतरी विसरलेला धडा. दोन्हींचा शोध घेणं फायद्याचं.

मग प्रत्यक्ष शिकवणं, चार पायऱ्यांत. आधी शिकणाऱ्याला मोकळं करायचं, त्याला या कामातलं काय येतं ते विचारायचं आणि काम नीट दिसेल अशा जागी उभं करायचं. समोरासमोर उभं केलं तर डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून शेजारी. नंतर काम तीनदा करून दाखवायचं: पहिल्यांदा फक्त पायऱ्या, दुसऱ्यांदा खुब्यांसह, तिसऱ्यांदा कारणांसह. त्यानंतर शिकणाऱ्याकडून करवून घ्यायचं. पहिल्यांदा तो मुकाट्याने करेल, चूक झाली की लगेच थांबवायचं. पुढच्या वेळी पायऱ्या, मग खुबी, मग कारणं त्याच्या तोंडून बोलवून घ्यायची. शेवटी त्याला एकट्याला काम द्यायचं, अडला तर कुणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगायचं, आणि सुरुवातीला वारंवार, पुढे कमी वेळा बघायला जायचं.

सगळे घोळ तिसऱ्या टप्प्यावर होतात. "कळलं का?" असं विचारलं की "कळलं" असंच उत्तर येतं. हा प्रश्नच लीडरच्या तोंडून काढून टाका. त्याऐवजी "आता का थांबलास?" किंवा "हे केलं नाही तर काय होईल?" असं विचारायला लावा. त्या कार्यक्रमात सुपरवायझरला खिशात ठेवायला जे कार्ड देत, त्यावर एक ओळ होती: शिकणाऱ्याला आलं नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. ही जबाबदारी मनापासून मान्य करणं अनुभवी टेक्निशियनला सोपं नसतं, कारण "मी सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही" हे वाक्य त्याच्या तोंडात बसलेलं असतं.

ब्रेकडाऊनमध्ये लीडर कुठे उभा असतो

मोठा बिघाड आला की नव्या लीडरचे पाय आपोआप मशीनकडे वळतात. दहा मिनिटांत त्याचं डोकं पॅनेलमध्ये असतं, आणि बाकीचं सगळं वाऱ्यावर.

२८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाईन्सचं १७३ क्रमांकाचं विमान पोर्टलंडजवळ घिरट्या घालत होतं. लँडिंग गिअर उतरताना काहीतरी वेगळं घडलं होतं, म्हणून कॅप्टन त्या बिघाडाचा छडा लावण्यात आणि प्रवाशांची तयारी करून घेण्यात सुमारे तासभर गुंतला. इंधन संपत आल्याचं सहकाऱ्यांना दिसत होतं. ते बोललेही, पण ठामपणे नाही. चारही इंजिनं बंद पडली आणि दहा माणसं गेली. बिघाड जीवघेणा नव्हता. सगळ्या परिस्थितीवर नजर ठेवायला कुणीच उरलं नव्हतं. वैमानिकांना नेतृत्व आणि संवादाचं वेगळं प्रशिक्षण देण्याची सुरुवात पुढच्या काही वर्षांत झाली, त्यामागे हा अपघात एक मोठं कारण होता.

म्हणून नव्या लीडरला ब्रेकडाऊनचा ठरलेला क्रम द्या. पोहोचल्यावर पहिला प्रश्न सुरक्षेचा: ऊर्जा कुठून कुठून येते आहे, ती बंद ठेवायला कुठे कुठे कुलूप लागलं आहे, तपासून कुणी बघितलं. मग काम कोण करणार ते नाव घेऊन सांगायचं. मग दोन पावलं मागे, जिथून माणसं आणि मशीन दोन्ही दिसतील. तिथून त्याची तीन कामं: हा उपाय फसला तर पुढचा कोणता, त्यासाठी लागणारं स्पेअर आता स्टोअरमध्ये आहे का, आणि दर तीस मिनिटांनी उत्पादन विभागाला खरी स्थिती सांगणं. "होतंय, झालंच" हे सांगणं नव्हे. "कारण अजून सापडलेलं नाही, दोन शक्यता तपासतोय, पुढची बातमी साडेअकराला" हे सांगणं झालं. लीडरने स्वतः अशी बातमी दिली की टेक्निशियनच्या डोक्यावर येऊन उभे राहणारे लोक कमी होतात. टीमला लीडरची किंमत पहिल्यांदा कळते ती बहुतेक वेळा इथेच.

त्याने पाना हातात घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण तीनच प्रसंगी: कुणाच्या जिवाला धोका असताना, ते काम दुसऱ्या कुणालाच येत नसताना, किंवा कुणाला दाखवून शिकवताना. दुसऱ्या प्रसंगातही शेजारी एक माणूस बघायला उभा हवा, आणि त्या आठवड्यातच ते काम त्याला शिकवायचं ठरलं पाहिजे. टेक्निशियन अडला तर लीडरने लगेच पुढे होऊ नये. पंधरा मिनिटं प्रश्न विचारत राहावं: काय मोजलंस, काय अपेक्षित होतं, शेवटचं नीट कधी चाललं होतं, त्यानंतर काय बदललं. उत्तर आपल्याला माहीत असताना ही पंधरा मिनिटं काढणं अवघड असतं. उत्पादन थांबल्याचं नुकसान मोठं असेल तर वेळ कमी करा, पण मग काम झाल्यावर तेच प्रश्न बसून विचारा.

काम सोपवतानाची शिस्तही याचाच भाग. "जरा तो पंप बघ" यात काम सोपवलं जात नाही. काय करायचं, का, कधीपर्यंत, कशाला हात लावायचा नाही, आणि काय दिसलं तर थांबून मला सांगायचं, हे पाच मुद्दे तोंडी आणि थोडक्यात. मग समोरच्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. सुरुवातीला दोघांनाही संकोच वाटतो. जोखमीच्या कामांपुरता हा नियम आधी लावला की हळूहळू सवय होते.

हँडओव्हर

पायपर अल्फा हा उत्तर समुद्रातला तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीने तिथल्या एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला. काम पाळी संपेपर्यंत पुरं झालं नाही, म्हणून उघड्या तोंडावर तात्पुरती फ्लँज (झाकणासारखी चकती) लावली. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा सुरू केला. वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. परमिट, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी, लिहिलेलं होतं. दोन पाळ्यांमध्ये त्याबद्दल बोलणं झालेलं नव्हतं.

अर्धवट राहिलेलं काम आणि काढलेला किंवा बायपास केलेला संरक्षक भाग, या दोन गोष्टी प्रत्येक हँडओव्हरमध्ये सगळ्यात आधी आल्या पाहिजेत. त्यानंतर चालू परमिट आणि लागलेली कुलुपं, मग आज नवीन काय दिसलं (आवाज, गळती, तापमान), मग स्पेअरची स्थिती, आणि शेवटी बाकी कामं. समोरासमोर, पंधरा मिनिटं, त्यातली पाच प्रत्यक्ष त्या मशीनपाशी. पाळ्यांच्या वेळांत पंधरा मिनिटांचा एकमेकांवर येणारा भाग नसेल तर हँडओव्हर फाटकाजवळ चालता-चालता होतो, आणि मग लीडरला दोष देऊन उपयोग नाही. ती वेळ तुम्ही मिळवून द्या. येणाऱ्या लीडरने किमान दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत असा नियम ठेवा. नुसतं ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं.

परमिट देणारा आणि ते काम करणारा एकच माणूस असता कामा नये. नवा लीडर अजून थोडं हातकाम करत असतो, त्यामुळे ही चूक त्याच्याकडून नकळत होते. पाचव्या आठवड्यातच हे स्पष्ट करा.

कालपर्यंतचे सोबती

हा भाग प्रशिक्षणात बहुधा गाळला जातो, आणि रात्रीची झोप उडते ती याच भागामुळे. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज काम सांगायचं असतं. त्यांतले काही वयाने आणि नोकरीने मोठे असतात, आणि एखाद्याला ही जागा हवी असते.

ज्याला जागा मिळाली नाही त्याच्याशी वरिष्ठांनी आधी बोलायचं, घोषणेच्या आदल्या दिवशी, कारणांसह. हे नव्या लीडरवर ढकलू नका. घोषणेनंतरच्या पहिल्या आठवड्यात नव्या लीडरने प्रत्येकाशी वीस मिनिटं एकट्याने बोलायचं: कामात काय अडतं, काय शिकायचं आहे, माझ्याकडून काय हवं. आश्वासनं द्यायची नाहीत. ऐकलेल्यातली एक छोटी गोष्ट, तुटलेला टॉर्क पाना बदलून आणण्यासारखी, त्याच आठवड्यात करून दाखवायची. मोठ्या माणसाला "तुम्ही"च म्हणायचं. पद बदललं म्हणून संबोधन बदललं तर सगळी टीम ते टिपते.

कठीण बोलण्याचा सराव मात्र आधी खोलीत बसून करून घ्या, तुम्ही समोरच्याची भूमिका घेऊन. समजा, एका ज्येष्ठ टेक्निशियनने प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची (बिघाड होण्याआधी करायच्या देखभालीची) यादी काम न करताच भरली आहे. नवा लीडर एकतर गप्प बसतो, नाहीतर सगळ्यांसमोर "काही लोक कामं न करता सह्या करतात" असं मोघम बोलतो. या दुसऱ्या प्रकारात प्रामाणिक माणसं दुखावतात आणि ज्याला सांगायचं तो निवांत राहतो. आधी वस्तुस्थिती गोळा करायची: कुठली यादी, कुठली तारीख, मशीन त्या वेळी बंद तरी होतं का. मग दाराआड, थेट बोलायचं: "मंगळवारच्या यादीत गिअरबॉक्सचं तेल तपासल्याची खूण आहे. मशीन त्या दिवशी दिवसभर चालू होतं. काय झालं ते मला सांगा." आणि मग थांबायचं. गप्प राहण्याचा सराव सगळ्यात जास्त लागतो.

उत्तरात कधीकधी खरं कारण निघतं. उत्पादन विभाग मशीन देतच नाही, आणि यादी रिकामी ठेवली तर ओरडा बसतो. तसं असेल तर दुरुस्ती लीडरने वर जाऊन करायची: "मशीन मिळालं नाही" असा रकाना यादीत घालायचा आणि तो भरणाऱ्याला कुणी बोलणार नाही याची हमी द्यायची. कारण नसेल तर पुढे काय अपेक्षित आहे आणि पुन्हा घडलं तर काय होईल, हे त्याच बैठकीत सांगायचं. दोन आठवड्यांनी परत बघायचं. वस्तुस्थिती जमवा, विचार करून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा, असा हा क्रम आहे. नवे लीडर पहिली पायरी गाळतात आणि चौथी विसरतात.

आकडे

एवढे दोन तक्ते पुरेत. पहिला साचलेल्या कामाचा. समजा सहा टेक्निशियन, प्रत्येकी आठवड्याला ४० तास, म्हणजे २४० तास. रजा, प्रशिक्षण आणि अचानक येणारे बिघाड यांत ३५ टक्के जातात असं धरलं तर नियोजित कामाला १५६ तास उरतात. बाकी वर्क ऑर्डरचा अंदाजी वेळ ४६८ तास असेल, तर साचलेलं काम तीन आठवड्यांचं. हा आकडा दर सोमवारी काढायचा. तो सतत चढत असेल तर माणसं अपुरी आहेत, अंदाज चुकताहेत किंवा बिघाड वाढताहेत. यांतलं नेमकं काय, ते शोधणं लीडरचं काम.

दुसरा कौशल्यांचा: उभ्या रकान्यात कामं, आडव्यात माणसं, चार पातळ्या. बघून करतो, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. ज्या कामापुढे "एकटा करतो" असा एकच माणूस आहे, ते काम लाल. पुष्कळदा हा एकच माणूस म्हणजे स्वतः नवा लीडर निघतो, आणि शिकवण्याची सुरुवात कुठून करायची ते आपोआप ठरतं.

वरिष्ठांनी काय पाळायचं

आठवड्यातून एकदा तीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, न चुकवता. आणि टीमला थेट काम सांगायचं नाही, काही झालं तरी. उत्पादन प्रमुखाने घाईत जुन्या ओळखीच्या टेक्निशियनला फोन करून "तेवढं बघ रे" म्हटलं की नव्या लीडरचा महिन्याभराचा जम एका फोनमध्ये जातो. मशीन अडलं की खुद्द लीडरलाच "तूच ये, तुझ्याच हाताने होईल" म्हणून बोलावणं हेही तितकंच घातक. त्याची स्तुतीही बदला. "एकट्याने रात्रीत मोटर उभी केली" यासाठी शाबासकी देत राहिलात, तर तो तेच करत राहील. त्याच्या टीममधल्या नव्या मुलाने पहिल्यांदा एकट्याने अलाइनमेंट केली, की शाबासकी त्या मुलाला आणि लीडरला, दोघांनाही द्या.

सोळाव्या आठवड्यात

आता तक्ते समोर ठेवून बघा. त्याचा हातकामाचा वाटा खरंच उतरला का. लाल कामं किती कमी झाली. जॉब कार्डांवर बाकीच्यांचं लिहिणं सुधारलं का. तो दोन दिवस रजेवर असताना फोन किती आले. टीममधल्या तिघांना वेगवेगळं विचारा: अडलास तर त्याच्याकडे जातोस का, आणि वाईट बातमी त्याला किती लवकर सांगतोस.

कामाची गती या काळात थोडी उतरलेली असेल. ते अपेक्षित आहे, त्यावरून निकाल लावू नका. उलट गती मुळीच उतरली नसेल, तर तो अजूनही गुपचूप स्वतःच काम करतो आहे का ते तपासा.

काहींना हे काम मानवत नाही. तसं दिसलं तर परत जायचा रस्ता उघडा ठेवा: जुनी श्रेणी, जुना पगार आणि ओव्हरटाइम, आणि शक्य असेल तर शिकवण्याची एखादी जबाबदारी. हे सगळं सुरुवातीच्या बैठकीतच लेखी ठरलेलं असलं पाहिजे. नंतर ठरवायला गेलात तर ते शिक्षेसारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी कुणी होकार देत नाही. ज्यांचं जमलं, त्यांना त्या बैठकीत शेवटी विचारा, की तू सुट्टीवर असताना शिफ्ट कोण चालवेल. नाव आलं, तर त्या माणसाला हँडओव्हरला बसवायचा पहिला आठवडा तिथेच ठरवून टाका.